पावतीवरचं श्री./सौ.

पूर ओसरायला लागला होता. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात दूध नाही, पेट्रोल नाही, आणि प्रयाग चिखली-आंबेवाडीची माणसं शाळांच्या वर्गांत सतरंज्या टाकून बसलेली. आमच्या संस्थेच्या खोलीत आम्ही दोन टेबलं मांडली होती. एकावर लोकांनी आणून टाकलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. त्यात एक जरीची शेरवानीही होती. पुरातल्या माणसानं ती कधी घालायची होती ते देणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या टेबलावर मी, पावतीपुस्तक, आणि नोटा उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला घरचा वरवंटा.

दुपारी तीनच्या सुमारास अक्का आली. अक्का म्हणजे आमच्या पेठेतली जोगती. यल्लमाला वाहिलेली. देह पुरुषाचा, अंगावर हिरवी साडी, कपाळभर भंडारा. दर मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन दारात येते, चौंडकं वाजवणारा एक पोरगा बरोबर असतो. तिला मी आयुष्यभर दारातच पाहिलेलं. मूठभर जोंधळे नाहीतर पाच-दहा रुपये परडीत टाकायचे, कपाळाला भंडारा लावून घ्यायचा, दार लोटायचं. टेबलाच्या पलीकडे ती कधी उभी राहील असं मनातही आलं नव्हतं.

तिनं कमरेचा रुमाल सोडला. दहाच्या, वीसच्या, घामानं मऊ झालेल्या नोटा आणि बरीच चिल्लर. मी मोजली. दोन हजार तीनशे चाळीस.

"पावती पायजे बघा, ताई."

मी पेन उघडलं आणि तिथंच अडकले. पावतीवर छापलेलं होतं: 'श्री./सौ. ............ यांजकडून'. वर्षानुवर्षं मी यातलं एक खोडत आले. हात सवयीनं चालायचा. त्या दिवशी तो थांबला. अक्का माझ्या पेनाकडे बघत होती. मग म्हणाली, "काय खोडायचं ते खोडा. आमचं तसंबी दोन्ही खोडलेलंच हाय."

मी काहीच खोडलं नाही. दोन्ही तसंच ठेवून पुढे नाव लिहिलं, पावती फाडली, दिली. तिनं ती कपाळाला लावली आणि परडीत, देवीच्या मुखवट्याखाली ठेवली.

पॅन कार्डाच्या अर्जात २०१८ पासून तिसरा रकाना आहे. ज्या सरकारला आपण उठता-बसता मागासलेलं म्हणतो, त्यानं तो घातला. आमच्या पावतीवर तो नव्हता. आणि फक्त अक्काचाच प्रश्न होता असंही नाही. विधवा बाईला 'सौ.' लिहायचं नाही म्हणून मी बारीक अक्षरात 'मती' जोडून 'श्री'ची 'श्रीमती' करायचे. चर्चमधल्या सिस्टर आल्या की दोन्ही खोडायचे. कॉलेजच्या पोरी आपल्या हातानं 'कु.' लिहायच्या. इतकी वर्षं खाडाखोड करत होते, पण पावती चुकीची छापली आहे हे डोक्यात आलं नाही. माणसंच जरा वाकडी आहेत असं वाटायचं.

थोडं संस्थेबद्दल. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात मीही आहे आणि तिथली सगळी माणसं वाईट नाहीत. खेड्यांतून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलींची फी आणि मेसचा खर्च, एवढंच काम. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दर वर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब, मोजून नऊ विश्वस्त. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच महिन्यात मला खजिनदार केलं. बँकेतली बाई म्हटल्यावर हिशोब येणारच, आणि शिवाय फुकट.

संस्थेच्या जिन्यात देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. पंचवीस हजार आणि त्यापुढे दिले की नाव कोरायचं. एकदा वीज गेली होती, वर जाऊन अंधारात बसण्यापेक्षा मी जिन्यातच थांबून तो फलक नीट वाचला. आपल्याकडे आडनावं वाचली की पेठा कळतात, व्यवसाय कळतात, कुणाची सोयरीक कुठं झाली असेल तेही कळतं. सगळी नावं पाच-सात आडनावांत फिरत होती. वरच्या मजल्यावर आमच्या मुलींची यादी होती. त्यात मुल्लाणी, कांबळे, वडर, घिसाडी, जैन, लिंगायत, धनगर, सगळ्या. म्हणजे वर घ्यायला सगळं गाव आणि खाली द्यायला दोन गल्ल्या. आम्हाला याचा अभिमान होता, बरं का. 'आम्ही घेताना जात बघत नाही' असं आमचे अध्यक्ष भाषणात म्हणायचे. कुणाकडून घेत नाही, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

गंमत अशी की याच गावात तालमीच्या वर्गणीला असला विचार कुणी करत नाही. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजे दोन्ही बसतात. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की एकाच छताखाली. वर्गणी मागायला पोरं दारोदार जातात तेव्हा दार कुणाचं हे बघत नाहीत, फक्त कुत्रं आहे का बघतात. वडापाववाला, पंक्चरवाला, शिकवणीवाल्या बाई, सगळ्यांकडून घेतात, नाही दिले तर भांडतात. भांडण्याइतका तरी हक्क ते सगळ्यांवर मानतात. पण त्याच पोरांतला एखादा मोठा होऊन विश्वस्त झाला, लेटरहेड आलं, की तो 'दानशूर व्यक्ती' शोधायला लागतो. वर्गणी सगळ्यांची असते. देणगी मोठ्यांची. दान तर त्याहून वरचं, त्याला पाणी सोडावं लागतं. आणि ज्याच्याकडे पैसा नाही तो येऊन भिंत रंगवून जातो, पोरींच्या गाद्या उन्हात टाकून जातो, त्याला श्रमदान म्हणतात आणि ते कुठंच कोरत नाहीत.

अक्का गेल्यावर मला आजीचा गोठा आठवला. का ते सांगते.

आमचं गाव राधानगरी रस्त्यावरचं, घर पाटलाचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. खालच्या वस्तीवरची एक बाई आमच्या शेतात भांगलायला यायची. तिचा मुलगा मॅट्रिक पास झाला. वस्तीवरचा पहिलाच. ती धुतलेलं लुगडं नेसून, द्रोणात पेढे घेऊन आली. आजीनं तोंडभर कौतुक केलं. द्रोण वरून, अंतर राखून का होईना, पण घेतला. "पोरगं शिकलं, नाव काढलं बाई तू," म्हणाली. ती वळली, अंगणाच्या बाहेर पडली, आणि आजी मागच्या दारानं गोठ्यात गेली. गाईच्या तोंडाशी द्रोण रिकामा केला. मी बघत होते. मला पेढा हवा होता म्हणून मी रडले, आणि त्या रडण्यानं ती बाई मागं वळली. कुंपणापाशी उभी राहून तिनं बघितलं. गाय द्रोणसुद्धा खात होती.

आजी दुष्ट नव्हती. दुष्काळात त्याच वस्तीवर तिनं महिनाभर घुगऱ्या पाठवल्या होत्या. देताना तिचा हात सैल होता. घेताना मात्र तिच्या हातात शंभर नियम होते. कोरडा शिधा चालतो, शिजवलेलं नाही. धान्य चालतं, पाणी नाही. पैसा कुणाचाही चालतो. कोल्हापुरातल्या जुन्या घरांत वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

त्या पुराच्या दिवसांनंतर मी सकाळी फिरायला दसरा चौकात जायला लागले. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवताली बोर्डिंगं. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. लहानपणापासून बघत होते, पण आता खजिनदाराच्या नजरेनं बघायला लागले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं तेव्हा त्याचा फायदा एकाच जातीच्या मुलांना होतोय हे महाराजांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी एकेका समाजाला बोलावून वसतिगृह काढायला लावलं. जागा दिली, संस्थानातून मदत दिली, पण चालवायचं त्या-त्या समाजानं. मोहमेडन सोसायटीचं अध्यक्षपद तर स्वतःकडेच घेतलं.

आपण याचा इतिहास नेहमी शिकणाऱ्या मुलांच्या बाजूनं सांगतो. मला दुसरी बाजू दिसायला लागली. प्रत्येक समाजात त्या दिवशी एक खजिनदार तयार झाला असणार. एक वही. जो आपल्या पोरासाठी चार आणे द्यायचा तो दुसऱ्याच्या पोरासाठी द्यायला लागला. काल ज्याला गाव 'बिचारा' म्हणत होतं, तो आज 'आमच्या बोर्डिंगाचा देणगीदार' झाला. याला दुसरी कडाही आहे, नाही असं नाही. ज्याचं त्यानं बघायचं, हा सराव शंभर वर्षांत इतका मुरला की 'आपल्या समाजासाठी' म्हटल्यावर खिसा उघडतो आणि नुसतं 'मुलींसाठी' म्हटल्यावर माणूस विचारतो, "कुठल्या?"

ही कडा मोडायचा प्रयत्न याच जिल्ह्यात, कुंभोजला जन्मलेल्या एका माणसानं केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने काढून दिले हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र जास्त भुरळ पडते ती मुष्टिफंडाची. बाईनं जात्यावर बसताना रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचं, ते गोळा करून बोर्डिंगात जायचं. हिशोब ठेवणाऱ्या बाईनं याचा विचार केला की चक्कर येते. किती मुठी, कुणाच्या, कुठल्या गावच्या? कुणाची पावती? ती मूठ काढणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या नावावर जमीन होती, घर होतं, बैल होते. तिच्या स्वतःच्या ताब्यात पीठ होतं तेवढंच. भाऊरावांनी नेमकं तेच मागितलं. जे तिला कुणाला न विचारता देता येईल ते.

आणि गंगाराम कांबळे. भाऊसिंगजी रोडवरून जाताना मी अजूनही अंदाज बांधते की त्याचं हॉटेल नक्की कुठं असेल. महाराजांच्या पागेतल्या या नोकरानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, त्याला धंदा काढायला मदत केली. चहाचं हॉटेल, 'सत्यसुधारक'. बरं, इथवर ते राजाचं काम झालं, राजा देतोच. पण हॉटेलात गिऱ्हाईक येईना, अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. मला ही गोष्ट शाळेत 'महाराजांचे औदार्य' म्हणून शिकवली होती. आता वाटतं, औदार्य हौदापाशी संपलं. चहापाशी महाराजांनी दिलं काही नाही. घेतलं. कपबशी कांबळेंच्या हातातून राजाच्या हातात गेली.

माझी आजी नेमकी तिथंच अडखळली होती.

असो. विचार करणं सोपं. मी पुढे पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडले तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली.

लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान असलेले एक चाचा आहेत. रमजान सुरू होता. मी चार पुस्तकं वाचून, चार जणांना विचारून गेले होते. म्हटलं, "चाचा, जकात आमच्या मुलींना द्या ना." ते हसले. गल्ल्यामागून स्टूल काढून मला बसायला दिलं.

"मॅडम, जकातीचा खिसा वेगळा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालावर अडीच टक्के, आणि कुणाला द्यायची ते ठरलेलं असतं. फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा, तोही गरिबाच्या घरी. पण सदका कुणालाही चालतो. त्याला महिना लागत नाही, तारीख लागत नाही. तो तुम्ही कधी मागितलाच नाही."

मी वही काढली. ते पुढे बोलले, "तुमची इमारत झाली तेव्हा बिजागऱ्या, कडी-कोयंडे, सगळं इथनं गेलं. तुमच्या सेक्रेटरींनी शैक्षणिक संस्था आहे म्हणून रेट पाडून घेतला. तो मी देणगीच धरला होता. पावतीपुस्तक घेऊन मात्र कुणी आलं नाही."

त्या फलकाखालच्या दाराच्या बिजागऱ्या. मी घरी येऊन जुनं बिल काढून बघितलं. खरोखर त्यांच्याच दुकानाचं, खाली हातानं लिहिलेली सूट.

आमचं देणगीचं पत्र वर्षातून दोनदा जायचं, अक्षय्य तृतीयेला आणि पितृपक्षात. 'आपल्या दानशूर करकमलांनी' अशी सुरुवात. ज्यांच्या घरी पितृपक्ष नाही त्यांना ते पत्र म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका. शिवाय पैसा हातात येण्याच्या तारखा कॅलेंडरात नसतात. दूध घालणाऱ्या बाईला दहा दिवसांनी बिल मिळतं. इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराला आठवड्यानं. ऊसवाल्याला कारखान्याचं बिल जमा झाल्यावर. धुणंभांडी करणारीला एक तारखेला, आणि तीन तारखेला ते संपलेलं असतं. आम्ही त्यांना मधल्याच कुठल्यातरी दिवशी मागायचो आणि नाही मिळालं की म्हणायचो, या लोकांना द्यायची सवय नाही. चौदा एप्रिलला तीच माणसं वस्तीत किती वर्गणी उभी करतात, किती पोरांना वह्या वाटतात, ते बघायला आमच्यापैकी कुणी गेलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आमच्याच गल्लीतल्या एका लिंगायत आजींनी शिकवली. त्या दर सोमवारी दोन मुलींचं जेवण घालतात, कित्येक वर्षं. मी उत्साहानं म्हटलं, "आजी, आता आपण फलकावर सगळ्यांची नावं घालणार, तुमचंही." त्या चमकल्याच. "आम्ही याला दासोह म्हणतो गं. आधी कायक, म्हणजे कष्ट, मग दासोह. त्यात देणारा दास असतो. दासाचं नाव दगडावर कोरतात होय?" मी गप्प. म्हणजे सगळ्यांना फलकावर जागा दिली की झालं, हाही माझाच समज. फलक हीच मुळात एका तऱ्हेच्या देणाऱ्याची आवड होती. चाचांना नाव हवं होतं, कारण ते कधी विचारलंच गेलं नव्हतं. आजींना नको होतं.

कायद्याची मात्र याहून तिसरीच तऱ्हा. आमच्यासारख्या संस्थेला निनावी पैसा एका मर्यादेबाहेर आला तर त्यावर तीस टक्के कर बसतो. देवळाच्या पेटीला ही भानगड नाही. दोन हजारांवर रोख घेतली तर देणाऱ्याला देणगीवरची आयकराची सूट मिळत नाही. ज्यांना सूट हवी त्यांचा पॅन घेऊन यादी आयकर खात्याला पाठवायची. चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, खोट्या देणग्यांचे काय काय प्रकार चालतात ते बँकेत बसून बघितलंय. पण एक परिणाम होतो. खजिनदाराच्या डोक्यात हळूहळू पॅनवाला तोच देणगीदार असं बसत जातं. बाकीचे नुसती कटकट. आमच्या चिटणीसांचं लाडकं वाक्य होतं, "अकरा रुपयांची पावती फाडायला बारा रुपये खर्च येतो, वहिनी." कॅन्टीनच्या भिंतीवर क्यूआर चिकटवल्यावर ते वाक्य बंद झालं. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा पैसे टाकले ते शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोरानं. पाच रुपये, सात रुपये. दिवसाचे सुटे.

सत्यनारायणाचं सांगायचं राहिलं, ते एका परिच्छेदात उरकते. वर्धापनदिनाला पूजा असते आणि त्या वर्षी ज्यानं सगळ्यात जास्त दिलं ते जोडपं पूजेला बसतं. एका वर्षी सगळ्यात जास्त दिले ते निवृत्त नर्सबाईंनी. पंढरपूरची वारी न चुकवणाऱ्या. पण नवरा वारलेला. पूजेला चिटणीस आणि त्यांच्या सौभाग्यवती बसल्या. नर्सबाई दुसऱ्या रांगेत, प्रसादाचा द्रोण हातात. पुढच्या वर्षी त्यांनी काही दिलं नाही. चिटणीस म्हणाले, वय झालं, विसरल्या असतील.

आता त्या बैठकीबद्दल. सप्टेंबर २०१९. पूरनिधीचा अहवाल छापायला जाणार होता. हजार रुपयांच्या वरच्या देणगीदारांची नावं घालायची, हे आधीच ठरलेलं. माझ्या यादीत रकमेच्या क्रमानं अक्काचं नाव मधेच कुठंतरी होतं, एका डॉक्टरच्या खाली आणि एका नगरसेवकाच्या वर. एक विश्वस्त चष्मा खाली करून म्हणाले, "हे कोण?" मी सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले. पैसे कुठून आले असतील, कशा मार्गानं आले असतील. अहवाल कंपन्यांना दाखवायचा असतो. मुलींच्या संस्थेच्या कागदावर हे नाव बरं दिसेल का. पैसे परत करायचं मात्र कुणी काढलं नाही. शेवटी एक समंजस गृहस्थ म्हणाले, "कशाला वाद? 'एक हितचिंतक' लिहू. मान राहतो आणि प्रश्नही मिटतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. म्हणजे हलवली असणार, कारण इतिवृत्तात 'एकमताने' लिहिलंय आणि खाली माझी सही आहे.

अहवालाची पहिली प्रत हातात आली. पान चौदा. 'एक हितचिंतक — रु. २,३४०'. मला नव्या कागदाचा वास यायला हवा होता. गोठ्याचा आला.

मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून लोक परत येतात आणि ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. मी अहवालाची प्रत पिशवीत घालून तिथं गेले. कबुली द्यायला, असं म्हणूया. माझी मी सगळी भाषणं तयार केली होती. अक्का एका झाडाखाली बसली होती, डोक्यावरचा जग, म्हणजे देवीच्या मुखवट्याची टोपली, उतरवून शेजारी ठेवलेला. भोवताली तिच्यासारख्याच आठ-दहा जणी, घाटावरच्या दोन म्हाताऱ्या जोगतिणी, पोरं. मी पान चौदा उघडून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. चौंडक्यावाल्या पोरानं वाचलं.

"ह्यात मी कुठं?"

मी बोट ठेवलं.

"हितचिंतक म्हंजे?"

"भलं व्हावं म्हणून झटणारा," मी म्हटलं. आवाज नीट फुटत नव्हता. "अक्का, तुझं नाव घालायला हवं होतं. माझी चूक झाली."

तिनं हात झटकला. "नावाचं जाऊ द्या. पर एक कसा?" ती खरंच गोंधळली होती. "एक हितचिंतक कसा म्हणून लिवलं? त्या रुमालात हिचे होते, हिचे होते, त्या म्हातारीचे चाळीस होते. पन्नासेक जणांचं होतं ते. जोगवा आमच्या समद्यांचा. मी नुसती घेऊन आलते."

चाळीस रुपयेवाली म्हातारी माझ्याकडे बघून हसली. दात नव्हते.

मी जे सांगायला गेले होते ते सगळं तोंडातच राहिलं. इतके दिवस मी एका नावासाठी जळत होते आणि तिथं पन्नास नावं होती. कुणीतरी माझ्या हातात आंबिलीचा पेला दिला. मला दही सोसत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय. मी प्यायले. चांगली होती, मीठ जरा जास्त.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तितकं मोठं नाही. जुलै २०२१ मध्ये परत पूर आला तेव्हा आम्ही नावं रकमेच्या नाही, पावतीच्या नंबरानं लावली. हजाराची अट काढली. त्यामुळे अहवाल फुगला आणि छपाईचा खर्च वाढला, त्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. ज्यांना नाव नको त्यांचं फक्त रजिस्टरमध्ये. एकत्र गोळा करून आणलेल्या पैशापुढे 'मिळून' लिहायचं आणि जमतील तितकी नावं. सत्यनारायण अजून आहे, पण पूजेला यंदा शिकून नोकरीला लागलेली मुलगी आणि तिची आई बसली. भटजींनी काही हरकत घेतली नाही, हरकत घेणारे भटजी नव्हतेच. चाचांना विश्वस्त व्हा म्हटलं तर म्हणाले, दुकान कोण बघणार? त्यांची सून येते, बी. फार्म. आहे, हिशोबात माझ्यापेक्षा कडक. दोन जुन्या देणगीदारांनी देणं थांबवलं. एकानं कारण सांगितलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं. संगमरवरी फलक जिन्यात तसाच आहे, कारण तो काढायला गवंड्यानं सांगितलेली रक्कम ऐकून सगळ्यांचंच परिवर्तन जरा थंडावलं.

निवांतपणी मी कधीकधी वळिवड्याचा विचार करते. महायुद्धात, १९४३ ते ४८, पोलंडमधून परागंदा झालेल्या पाचेक हजार माणसांची छावणी तिथं होती. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. ते गेले आणि त्या जागी फाळणीत घरंदारं सोडून आलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाची एवढी मोठी पेठ. २०१९ मध्ये आमच्या टेबलावर त्या शेरवानीसकट जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता तेव्हा तिथल्या एका दुकानदारांनी टेम्पो पाठवला. नव्या कोऱ्या चादरी, टॉवेल आणि बायकांचे परकर. परकर कुणालाच सुचले नव्हते. मी फोन करून विचारलं, कसं सुचलं हो? म्हणाले, "आमच्या आईला कॅम्पात सगळ्यात जास्त तेच कमी पडले होते."

गेल्या महिन्यात पावतीपुस्तकं संपली. मी ठरवून नवा मजकूर दिला: 'नाव ............ यांजकडून'. बस, एवढंच. श्री नाही, सौ. नाही, कु. नाही. प्रुफं दोनदा तपासली. चाचांच्या सुनेनंही तपासली. काल प्रेसचा माणूस गठ्ठा घेऊन आला, दोरी कापून मी पहिलं पुस्तक उघडलं. 'श्री./सौ. नाव ............ यांजकडून'.

फोन केला. कंपोझिटर म्हणाला, "ते राहून गेलं होतं ना मॅडम, तुमच्याकडनं. मी घातलं." अगदी आपुलकीनं.

पुन्हा छापायला पैसे नाहीत. वीस पुस्तकं, प्रत्येकात पन्नास पावत्या. टेबलाशी बसून मी पेन उघडलं आणि पहिल्या पावतीवरचं श्री. खोडलं, सौ. खोडलं. मग दुसऱ्या. चाचांच्या सुनेनं एक पुस्तक स्वतःकडे ओढलं. खाली चौंडकं ऐकू आलं, शुक्रवार होता. मी खिडकीतून हाक मारली, "अक्का, वर ये. बसून करायचं काम आहे."

"पेन हाय का जास्तीचं?" ती खालून ओरडली.